शेवटी येणारं नाव

सत्यवान पेंटरने तीस वर्षांत मालवणपासून देवबागपर्यंतच्या होड्यांवर जितकी नावं लिहिली, तितकी गावच्या मतदारयादीतही नसतील. त्यांत त्याचं स्वतःचं एकदाही नव्हतं. हा नम्रपणा नव्हे. होडीवर देवाचं नाहीतर मालकाचं, एकच नाव हवं, असं त्याच्या गिऱ्हाइकांचं ठाम मत होतं. दोन नावं दिसली की होडी कोणाकडे परत पाठवायची, यात समुद्राचा गोंधळ होतो म्हणे. समुद्राला वाचता येतं का, हे कोणी विचारलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असताना त्याने वहीत चित्रं काढली: होड्या, खेकडे, माड, एक रागावलेलं, दहा पायांचं माकूल. त्याची पुतणी तन्वी गोव्यात, पणजीला, कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते. तिने ती वही उचलली आणि चौसष्ट चित्रं साफसूफ करून ठेवली. जगातल्या कोणालाही आपल्या खेळात वापरता येतील अशी ती एका वेबसाइटवर टाकायची होती. फक्त वापराच्या अटींचं लायसन निवडायचं राहिलं होतं.

"काका, एकदा दिला की मागे घेवक येणा नाय. नीट आयका," तन्वी म्हणाली. "पयला म्हणजे कोणीय घेवचा, तुमचा नाव घालूची गरज नाय. दुसरा म्हणजे घेवा, बदला, विका, पण नाव घालूकच व्हया. तिसरा दुसऱ्यासारख्याच, पण धंदो करूचो नाय."

"पयला," सत्यवान म्हणाला. विचार न करता. तीस वर्षांची सवय बोलली.

त्याची बायको हिरा पडवीत बांगडे साफ करत होती. "दुनियेची नावां लिवलंस. तुझा नाव एका रेशनकार्डार आसा, ताय चुकीचा."

हे सत्यवानला लागलं, आणि लागलं हे त्यालाही नवीन होतं.

होडीवरचा पुसट झालेला नंबर रंगवून घ्यायला आलेला गुणाजी मच्छीमार हे सगळं ऐकत निवांत बसला होता. गुणाजीला मत विचारावं लागत नाही.

"तिसरा घे. नायतर कोणतरी तुझ्या खेकड्यार बंगलो बांधतलो."

"मेल्या, तुझी होडी मी रंगवलंय मां? मासे इकताना माका इचारलंस कधी?" सत्यवान म्हणाला. "रंगवलेली होडी धंद्याकच जाता. नायतर शोकेसात ठेव."

तिसरं गेलं. उरली दोन.

"पण होडयेर तुझा नाव नको हां," गुणाजीने बजावलं. "सांगून ठेवतंय."

"होडयेर नाय ओ येणा," तन्वी म्हणाली. "खेळ संपलो की शेवटाक नावांची यादी येता, त्यात."

गुणाजीने यावर बराच विचार केला. "शेवटाक? होडी किनाऱ्याक लागल्यार?"

"हां."

"मग हरकत नाय," तो म्हणाला. बंदर खात्याने परवाना द्यावा तसा.

सत्यवानने दुसऱ्यावर बोट ठेवलं. मग तन्वीने नाव लिहायची चौकट पुढे केली, आणि दोन फुटी अक्षरं एका दमात ओढणारा माणूस अर्धा तास त्या चौकटीकडे बघत बसला. पूर्ण नाव की नुसतं? 'श्री' लावायचा की नाही? शेवटी 'सत्यवान पेंटर, मालवण' ठरलं. तन्वीने बटण दाबलं. नारळसुद्धा फोडला नाही, अशी हिराने नोंद घेतली.

चार महिन्यांनी परदेशातल्या कोणा विद्यार्थ्याने त्या होड्या घेऊन खेळ केला. तन्वी लॅपटॉप घेऊन दुपारीच आली. अडचण एकच होती: यादी बघायची तर खेळ पुरा जिंकायला हवा.

चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या गुणाजीने पहिल्याच खडकावर तीनदा होडी फोडली. "होडी बरी आसा," तो म्हणाला, "दर्या चुकीचो काढल्यानी." सत्यवानला माकुलाने गिळलं, त्याच्याच माकुलाने. शेवटी हिराने पदर खोचला. बाजारात गिऱ्हाईक, मांजर आणि कावळा यांच्यावर एकदम नजर ठेवणारी बाई ती. चहाच्या वेळेपर्यंत तिने होडी किनाऱ्याला लावली.

नावं सरसर वर गेली.

"इला! इला!" तन्वी ओरडली. तोवर गेलं.

"दिसला तुका?" सत्यवानने विचारलं.

"दिसला," हिरा म्हणाली. "आणि बरोबर लिवलेला."

सत्यवानने चष्मा पुसला. "माका नाय दिसला. परत लाव बघूया होडी."