राजाचा वाटा
मसुऱ्याच्या अलीकडे काजूंच्या मधोमध एक टेकाड आहे. सगळे त्याला कोट म्हणतात. कुणाचा, कधीचा, ते विचारू नका. तटाचा एक चिराही आजवर कुणी पाहिलेला नाही. पण गंगारामला कसली शंका म्हणून नव्हती. तिथे वर्षातून एकदा कोटातल्या राजाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्याच घराचा. आता राजा नसेल तर ते ऐकायला कोण बसलंय?

यंदा चिरेखाणवाल्याचा डोळा टेकाडावर पडला. पुरातत्त्व खात्याने 'मानवनिर्मित' लिहिलं तर ते वाचणार, 'नैसर्गिक' लिहिलं की मशीन चढलंच. तपासणीला तेजस्वी मॅडम येणार म्हटल्यावर गंगारामने वाडीला दम भरला, "टोपल्यांचा नाव काडशात तर बघा! कोट आमीच गाडलो म्हणतले!"

कापणी झाली की प्रत्येक घरातून शेतातल्या मातीची एक टोपली कोटावर ओतायची, राजाचा वाटा म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललेलं.

मॅडमनी चार दिवस खणलं. निघाली ती नुसती माती.

"आजोबा, भिंत नाही, पाया नाही. पण भाताच्या शेतातली माती एवढ्या वर कशी आली? कारण सापडलं नाही तर मला नैसर्गिकच लिहावं लागेल."

सगळी वाडी खाली मान घालून उभी. गंगाराम पुढे झाला.

"बाय, चूक आमची," तो कसाबसा म्हणाला. "ती माती आमी घातली. माझ्या बापाशीन, तेच्या बापाशीनय. राजाक वाटो म्हणान. आणखी खणा, कोट खाली गावतलो."

"खाली खडक लागला, आजोबा. कोट नव्हताच कधी."

म्हातारा मटकन बसला. मग इतकी वर्षं वाटा दिला कुणाला? त्याला रडूच कोसळलं.

तेजस्वी मात्र खड्ड्यात उतरून मातीचे थर मोजत होती. दोनशेच्या पुढे तिने नाद सोडला, वर आली आणि कागदावर 'मानवनिर्मित'समोर ठळक खूण केली.

"बांधणाऱ्याचं नाव काय लिहू?"

गंगारामने डोळे पुसले. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"वाडयेचा लिवा."

"आणि बांधकाम पूर्ण कधी झालं?"

"पुरा खंय झाला, बाय?" धोतर झटकत तो उठला. "माझी कापणी अजून रवली आसा."