लावलंय का, बघून येतो

कुलूप लावून झाल्यावर माणूस परत जाऊन ते ओढून का बघतो, हा प्रश्न बत्तीस वर्षं सरकारी लेखापरीक्षणात काढूनही मला कधी पडला नव्हता. या मार्चमध्ये पडला, कारण डॉक्टरांनी मला त्याची नोंद ठेवायला बसवलं.

झालं असं की फेब्रुवारीत एका लग्नाला निघताना माझ्या यजमानांनी, म्हणजे विश्वासनी, पाच वेळा परत जाऊन घराचं कुलूप ओढून पाहिलं. मी आधीच गाडीत काचा लावून बसले होते. आमचा मुलगा विपुल, इकडे उत्तरेतच वाढल्यानं हिंदीतच बोलणारा, स्टिअरिंगवर बोटं वाजवत मोजत होता. पाचव्या वेळेला तो मला म्हणाला, "आई, ये नॉर्मल नहीं है. बाबा बहात्तर के हैं. दिखाना चाहिए."

दाखवलं. डॉक्टरांनी यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. रेल्वेच्या सिग्नल खात्यातला निवृत्त इंजिनिअर, वजाबाकीला काय डरतोय. मग डॉक्टरांनी मला एकटीला थांबवलं. "सात दिन लिखिए. कब, क्या, कितनी बार. इन्हें बताइए मत, टोकिए मत, मदद मत कीजिए. बस लिखिए."

परतताना विपुलनं गाडीतच निकाल सांगून टाकला. नोंदी वाईट निघाल्या तर आमचं इंदिरा नगरचं घर बंद, आणि आम्ही दोघं गोमती नगरला त्याच्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. "देविका से बात हो गई है. कमरा खाली है." देविका म्हणजे आमची सून.

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आठव्या मजल्यावर बरं. एकच दार, एकच कुलूप."

विपुलला ते त्याच्या घराचं कौतुक वाटलं. मला नाही वाटलं. सव्वीस वर्षांचं तळमजल्याचं घर, पुढे लोखंडी गेट, रोज सकाळी स्कूटरवरून भूतनाथ मार्केटला भाजीची फेरी, कोपऱ्यावरच्या चहावाल्याशी अर्धा तास वाद. एवढंच या माणसाकडे उरलंय, आणि ते राहणार की जाणार हे माझ्या सात पानांवर ठरणार होतं.

सोमवारी मी जुन्या डायरीत रकाने आखले. वेळ, वस्तू, किती वेळा. सोमवारी चार निघाले. मंगळवारी सात. बुधवारी नऊ. गेट, मागचं दार, गॅस, पुन्हा गेट. हे जाताना म्हणायचे, "लावलंय का गं?" आणि मी डॉक्टरांच्या हुकुमाप्रमाणे तोंड शिवून मटार सोलत बसायची. मग हे स्वतः जायचे. "लावलंय का, बघून येतो." यायचे, दोन मिनिटं टेकायचे, की पुन्हा, "मागचं?" मी गप्प. पुन्हा चपलांचा आवाज.

आकडे चढायला लागले. रात्रंदिवस कान चपलांकडे. पण नुसता आकडा म्हणजे काहीच नाही, हे मी जन्मभर कनिष्ठांना शिकवलं होतं. शेजारी ठेवायला दुसरा आकडा हवा. म्हणून मी शेजाऱ्यांचीही नोंद सुरू केली. वरच्या मजल्यावरच्या सरलाभाभी शाळेत शिकवायला निघाल्या की गॅससाठी दोनदा जिना चढतात. एकदा तर रिक्षात बसून उतरल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "दीदी, पता है बंद है. देख के ही चैन पड़ता है." समोरचे बँकवाले गाडी रिमोटनं लॉक करतात, चार पावलं जातात, पुन्हा पीं. आणि आमचे चिरंजीव, ज्यांना बाबा नॉर्मल वाटत नाहीत, त्यांनी बुधवारी संध्याकाळी दहा मिनिटं डबा द्यायला आले तेव्हा गाडीला तीनदा पीं केलं. तारीखवार लिहून ठेवलंय.

मला एक गंमत कळली. उघडं टाकून जाणारा कधी परत येत नाही. परत येतो तो लावणाराच. हातानं केलेलं काम डोक्यानं जमेला धरलेलं नसतं, म्हणून तो पुन्हा हात लावायला येतो. पण गुरुवारी यांचे अकरा झाले, आणि ही गंमत मला अर्ध्या दिवसात पुरेनाशी झाली.

आणि बुधवारचं एक मी लिहिलंच नव्हतं.

बुधवारी सकाळी मी गच्चीवर चादर वाळत घालत होते. हे भाजी घेऊन आले. स्कूटर आमच्या गेटापुढून गेली, दोन घरं पलीकडे थांबली. तिथल्या गेटाच्या कुलपात यांनी किल्ली घातली. फिरेना. काढली, पुसली, पुन्हा घातली. तीनदा. मग मागे वळून गल्लीकडे बघितलं आणि स्कूटर ढकलत घरी आले. आमच्या गल्लीतली सगळी घरं एकाच साच्यातली, गेटंसुद्धा एकाच राखाडी रंगाची. कोणाचीही चूक होईल, असं मी मनाशी म्हटलं. इतक्यांदा म्हटलं की माझाच मला संशय आला. बुधवारच्या पानावर तेवढी जागा मी कोरी सोडली.

शनिवारी दुपारी विपुलचा फोन. "आई, कान के डॉक्टर का अपॉइंटमेंट मंगल को ले लूँ?"

"कोणाच्या कानाचं?"

"तेरे. बाबा बोले तू आजकल सुनती नहीं. बोले हफ्ते भर से कुछ पूछो तो जवाब ही नहीं देती. घबरा गए हैं वो."

मी फोन ठेवला आणि सरळ यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "अहो, माझ्या कानांबद्दल मुलाकडे चहाडी कशाला केलीत? मला विचारायचं."

"विचारलं की. तेच तर. ऐकू येतंय का तुला, हे चारदा विचारलं. तू मटार सोलत होतीस." हे उठले आणि शर्टाच्या खिशातून छोटी वही काढली. आयुष्यभर तसली वही खिशात असायची. "हे बघ. सोमवार, विचारलं चार, उत्तर शून्य. मंगळवार, सात, शून्य. बुधवार नऊ. परवा अकरा."

मी माझी डायरी आणली. शेजारी ठेवली. बत्तीस वर्षांत दोन खात्यांचे आकडे इतके तंतोतंत जुळलेले मी पाहिले नव्हते.

यांनी दोन्ही वह्यांतले आकडे बोटानं जुळवून पाहिले. रागावतील असं वाटलं होतं. ते हसायला लागले. "म्हणजे तू माझ्यावर तपासणी बसवलीस, आणि मी तुझ्यावर."

"डॉक्टरांनी गप्प राहायला सांगितलं होतं."

"मग वाढणारच ना आकडे. पद्मा, सिग्नलचं काम संपवून आम्ही कधी तसे उठून जायचो का? आम्ही मेमो द्यायचा, स्टेशन मास्तरनं तपासून सही करायची, मग गाडी सोडायची. सहीशिवाय काम संपलंच नाही. घरी तू म्हणायचीस, हो, लावलंय. तुझी सही झाली की मी सुटायचो. परवा त्या लग्नाला निघालो तेव्हा तू आधीच गाडीत जाऊन बसलीस. या आठवड्यात तू सहीच बंद केलीस."

सगळे आकडे माझ्या गप्प बसण्याचे. एका शेऱ्यानं हिशेब मिटत होता, घर राहत होतं. मी पेन उचललं.

हे पानं उलटत होते. बुधवारवर थांबले. "नऊच्या खाली रिकामं का सोडलंस?"

"असंच."

"पलीकडच्या गेटाचं लिहिलं नाहीस."

मी डायरी मिटायला गेले, तर यांनी पानावर हात ठेवला.

"तू गच्चीवर होतीस. निळी चादर."

"अहो, सगळी गेटं एकसारखी आहेत. सरलाभाभींचे मिस्टरही एकदा—"

"मीही स्वतःला तेच सांगितलं," हे म्हणाले. "पण मी गेट चुकलो नव्हतो. किल्ली लागेना तेव्हा मी विचार करत होतो की भुसावळच्या क्वार्टरचं कुलूप आपण कधी बदललं."

भुसावळ सोडून आम्हाला एकतीस वर्षं झालीत.

त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्या कोऱ्या जागेत स्वतःच्या अक्षरात लिहिलं: अकरा वीस, दुसऱ्याचं गेट, किल्ली तीन वेळा, घर ओळखलं नाही. खाली सही केली.

"खोडा ते," मी म्हणाले. "विपुल हेच वाचेल. बाकी काही वाचणार नाही."

"तू कोणाचं खोडू दिलं असतंस का नोकरीत?"

सोमवारी डॉक्टरांनी दोन्ही वह्या वाचल्या. कानाची गोष्ट ऐकून तेही हसले. विपुल खाली मान घालून मोबाइल फिरवत होता. मग डॉक्टर बुधवारवर आले आणि हसू थांबलं. "तालों की मुझे चिंता नहीं है. ये एक लाइन की है. स्कैन कराइए, कुछ टेस्ट और होंगे. तब तक स्कूटर नहीं."

"और घर?" विपुलनं विचारलं. "इन्हें अपने पास ले जाऊँ?"

"ये इन्हीं से पूछिए," डॉक्टर म्हणाले. "अभी पूछ सकते हैं."

ते 'अभी' आम्हा तिघांनाही ऐकू आलं. विपुलचा चेहरा उतरला. लहानपणी काही फोडलं की उतरायचा तसा. "बाबा," तो म्हणाला, आणि मग मराठीत, अडखळत, "तुम्हाला काय पाहिजे?"

यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "ही घे. घर नाही देणार. घराची वेळ आली की तुझी आई सांगेल. ती सांगेल तेव्हा मी गुपचूप येईन, आठव्या मजल्यावर, कुठंही." मग माझ्याकडे वळले. "सांगशील ना?"

बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या. माझी सही इतकी जड कधीच झाली नव्हती.

"सांगेन," मी म्हणाले.

बाहेर विपुल गाडी आणायला गेला. आम्ही दोघं पायरीवर उभे राहिलो. रस्त्यावर ई-रिक्षांची रांग लागली होती. हे जरा वेळ तिकडे बघत होते, मग पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "पद्मा, वेळ आली की सांगशील ना?"

खात्री करून घ्यायला विचारलं, की मघाचं उत्तर पुसलं गेलं म्हणून विचारलं, ते मला यांच्या चेहऱ्यावरून कळेना. मी पुन्हा म्हणाले, "सांगेन."