खालचा शब्द

कव्हरवालीच्या हातचं कव्हर एकदा बसलं की पाण्याची काय बिशाद आत शिरायची! स्कूटर, फळगाड्या, शिलाई मशीनं, एकदा तर एका बँडवाल्याचा मोठा ढोल. माप घ्यायची, कापड कातरायची, जाड सुईनं दुहेरी शिवण मारायची. अशा बाईच्या स्वतःच्या छपरावरची टीव्हीची डिश मात्र सगळा जन्म उघडी. पाऊस आला की चित्राचे चौकोन व्हायचे आणि बर्फ पडला की पडदा काळाठिक्कर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्याला कारण तिचा नवरा. लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे, म्हणून सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणत. "कव्हर कशाला? मी आहे ना!" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. हयात लिफ्टच्या खोल बोगद्यात लोंबकळण्यात गेलेली, घराच्या छपराचं त्यांना काय कौतुक? बर्फ पडला की मऊ झाडू घेऊन शिडीवरून वर जायचे, डिश पुसायचे आणि ओरडायचे, "आलं का?" खाली टीव्हीपुढे बसलेल्या बायकोनं सांगायचं, "नाही आलं!" नाहीतर "आलं!" लिफ्टच्या कामात नियम असतो: खालच्याचा शब्द आल्याशिवाय वरच्यानं जागचं हलायचं नाही. तो नियम त्यांनी घरीही आणला होता. टीव्हीचा आवाज छपरापर्यंत पोचायचा, चित्र आलंय हे त्यांना कळायचं, झाडू थांबायचा; पण बायकोच्या तोंडून 'आलं' ऐकल्याशिवाय पाय काही शिडीवर पडायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात दोघांचा अबोला चालू होता. कारण काय, तर साखरेच्या डब्यात मीठ कोणी भरलं. या घरात अबोल्याचेही कायदे होते. पहिला बोलेल तो हरला. भांड्याकुंड्यांशी बोलावं, भिंतीशी बोलावं, एकमेकांशी नाही.

"चहा खारट आहे, असं या कपाचं म्हणणं आहे," लिफ्टवाले भिंतीला सांगायचे.

"कपाला म्हणावं, डबा भरणाऱ्याला विचार," ती पातेल्याला सांगायची.

त्या संध्याकाळी भिजका बर्फ पडत होता. तिची मालिका सुरू व्हायच्या वेळेलाच पडदा गेला. लिफ्टवाले काही न बोलता झाडू घेऊन वर चढले. जरा वेळानं चित्र लख्ख झालं आणि वरून हाक आली, "आलं का?"

हरलात! ती मनात म्हणाली. स्वतःहून बोललात! आणि जिंकल्याची चव घेत गप्प बसली. पुन्हा हाक आली. अजून एकदा मारू देत, मग बोलू, असं तिनं ठरवलं. तीही आली, तर वाटलं, अजून एक. त्यानंतर हाक आली नाही. रुसले असतील म्हणून तिनं मालिका शेवटपर्यंत पाहिली. डिशच्या खांबाला टेकून ते बसलेले सापडले, झाडू मांडीवर. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमजोर, त्यात थंडी. तिला विचारलं असतं तर तिनं वेगळं कारण सांगितलं असतं, पण तिला कोणी विचारलं नाही.

यंदा पहिला बर्फ पडला तेव्हा पडदा काळा झाला, आणि छपरावर झाडू घासल्याचा आवाज आला. खस्स, खस्स. चित्र आलं. मग वरून, "आलं का?"

तिच्या हातातली कात्री गळून पडली. आवाज त्यांचाच, फक्त सर्दी झाल्यासारखा बसलेला. तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. घाबरली होती, पण त्यांना नाही. 'आलं' म्हटलं की ते उतरणार, आणि उतरलेला माणूस या घरात राहणार नाही हे तिला कळत होतं. न म्हणावं तर बिचारे वर कुडकुडत बसणार. इकडे आड, तिकडे विहीर. हिवाळा सरत आला तरी ती गप्पच होती. बर्फ पडला की टीव्ही लावायची आणि बघायची छताकडे. हाक येईपर्यंत जिवात जीव नसायचा, आणि आली की स्वतःची लाज वाटायची.

अखेर तिनं आपल्या परीनं तोड काढली. डिशवर बर्फ साचलाच नाही तर यांना घासावं लागणार नाही. बसतील निवांत, पण बसतील आपल्याच छपरावर. त्यांनी गारठूही नये आणि जाऊही नये, असं दोन्ही तिला हवं होतं. जावयाला वर पाठवून माप आणवलं, ठेवणीतलं भारी कापड काढलं. आतून चंदेरी, पाण्याचा थेंब ठरणार नाही असं. शिवण अशी मारली की स्वतःच बघत राहिली.

जावई बसवून खाली आला. "आई, मापाला तोड नाही. डिशनं टोपी घातल्यासारखं दिसतंय."

टीव्ही लावला. पडदा काळा. बाहेर तर आभाळ अजून कोरडं. जावयानं तारा हलवल्या, रिमोट तळहातावर आपटला, मग उरलेला कापडाचा तुकडा उचलून नखानं खरवडला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अहो आई, याला आतून धातूचा मुलामा आहे! पाण्याबरोबर सिग्नलही अडवतोय हा. साधं प्लास्टिकचं कापड चाललं असतं."

"मला काय ठाऊक, जावईबापू? मी जन्मभर पाणीच अडवत आले."

"उद्या उजाडल्यावर काढतो. आता भुरभुर सुरू झाली, शिडी निसरडी होईल. तुम्ही वर जायचं नाही, माझी शपथ आहे."

तो गेला. दिवेलागणीला बर्फ चांगलाच पडू लागला, आणि छपरावर घासणं सुरू झालं. या वेळी कापडावर.

"आलं का?"

पडदा काळाच. टीव्हीतून आवाज नाही, म्हणून झाडू थांबेना. खस्स, खस्स, आणखी जोरात. "आलं का?" अर्धं काम टाकून हा माणूस कधी उठला नव्हता. आता युगं लोटली तरी चित्र येणार नव्हतं. मधे तिचीच दुहेरी शिवण आडवी आली होती. तिला वरची बोटं दिसू लागली, निळी पडलेली. मग खोकल्याची उबळ ऐकू आली, आणि त्यामागून अगदी थकून, "अगं, आलं का?"

तिला राहवेना. काय मेलं माझं प्रेम, असं ती मोठ्यानं म्हणाली, उठली आणि खोलीच्या मधोमध मान वर करून उभी राहिली.

"आलं!" ती मग ओरडली. "आलं हो! अगदी लख्ख आलं. पुरे आता, उतरा!"

समोर काळा पडदा होता. झाडू थांबला. खालून टीव्हीचा आवाज येत नव्हता, तरी त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तिनं सांगितलेलं चित्र त्यांनी नेहमी न बघताच खरं मानलं होतं.

थोड्या वेळानं वरून उत्तर आलं, "येतो गं."

ती धावत गेली आणि दार सताड उघडून उभी राहिली. बर्फ आत उडत होता. शिडी करकरेल म्हणून तिनं वाट पाहिली, पुष्कळ वाट पाहिली. रोज सकाळी कामाला निघतानाही ते हेच म्हणायचे, हे तिला उंबऱ्यात उभी असताना उमगलं.

मग तिनं डोळे पुसले आणि रोज सकाळी जे म्हणायची तेच म्हणाली.

"या."