गुलाबी विष

शाळेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या खुर्चीत माझा धाकटा भाऊ. त्याने काचेच्या भांड्यात हात बुडवला आणि स्वच्छ पाणी गुलाबी झालं.

"हे तुझ्या रक्तातलं साखरेचं विष," भगव्या कफनीतले चमत्कारी बाबा म्हणाले. कुपीतले चार थेंब टाकले, पाणी पुन्हा नितळ. "गेलं. सुई बंदच ठेव."

टाळ्या कडाडल्या. माझं डोकं फिरलं. परवाच्या बैठकीपासून भावाने इन्सुलिन घेतलं नव्हतं, त्याला धड उभं राहवत नव्हतं. आणि टाळ्या पिटणाऱ्यांत माझेच जुने विद्यार्थी. पंचवीस वर्षं विज्ञान शिकवून हे फळ.

मी पुढे होऊन भावाचा हात धरला. साबण राहिल्यासारखा बुळबुळीत.

"काय चोळलंय?"

"शुद्धीचं पाणी, ताई. आधी सगळ्यांनाच चोळतात."

"नळाखाली खसाखसा धुऊन ये."

"अश्रद्धांसमोर शक्ती टिकत नाही," बाबा गुरगुरले.

"शक्ती जाऊ दे. भांडी तर राहतील ना?" मी म्हणाले.

पुढच्या रोग्याच्या ताज्या भांड्यात भावाने धुतलेला हात बुडवला. पाणी ढिम्म. मग मी शुद्धीचं पाणी स्टीलच्या चमच्याला चोळून तो त्यातच बुडवला. गुलाबी!

"बाबा, या चमच्याला साखरेचा आजार कधीपासून?"

बाबा पिशवी आवरू लागले. मी फळ्यावर लिहिलं: H⁺ + OH⁻ → H₂O.

"चोळायच्या पाण्यात कॉस्टिक सोडा, म्हणजे अल्कली. भांड्यात फिनॉल्फ्थॅलीन, ते अल्कलीत गुलाबी होतं. कुपीत हायड्रोक्लोरिक आम्ल. आम्लाचा H⁺ आणि अल्कलीचा OH⁻ मिळून साधं पाणी होतं, रंग जातो. सोड्यातलं सोडियम नि आम्लातलं क्लोराइड नुसते प्रेक्षक, म्हणून आयनिक समीकरणात ते लिहीत नाहीत."

"बाई, हे आम्हाला परीक्षेत होतं," माझा एक जुना विद्यार्थी, आता कारकून, पुटपुटला.

"आणि पैकीच्या पैकी मिळाले होते तुला. मग टाळ्या कसल्या वाजवत होतास?"

चूक माझीही होती. मी मुलांकडून घोकून घेतलं, वापरायला शिकवलं नाही.

"म्हणजे माझी साखर?" भावाने विचारलं.

"या समीकरणात दाखव बरं कुठे आहे ती."

तो फळ्याकडे बघत राहिला. "नाहीच आहे."

"तुझ्या रक्तात आहे, होती तितकीच. ऊठ, दवाखान्यात चल." मग मी लोकांकडे वळले. "डोळ्यांना दिसलं तरी कसं झालं ते विचारा. आणि ज्यांनी या बाबाच्या सांगण्यावरून औषध सोडलंय, त्यांनी आत्ताच आमच्याबरोबर चला."

सात जण उठले. त्यांत तो कारकूनही होता, शेजारी बसलेल्या लहान लेकीचा हात धरून. औषध बंद होतं ते तिचं.