विणकामाचं फोल्डर

शनिवारी सकाळी लॅपटॉपनं टकटक सुरू केली. आतून कोणी नखानं डबा ठोकावा तशी. पडदा निळा झाला, मग काळा, मग नुसतं चक्र फिरत राहिलं. मी त्याला शिव्या घातल्या. मग स्वतःला घातल्या, कारण दुसरी प्रत काढून ठेवायची अक्कल मला नव्हती, आणि हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही.

त्या डिस्कवर 'विणकाम' नावाचं फोल्डर होतं. मी आयुष्यात सुई धरली ती फक्त लोकांच्या दंडात खुपसायला. देश सोडून आठ वर्षं झाली, त्यातली सहा मी एका प्रयोगशाळेत रक्त काढतेय. सुई चुकली की कातडी आधी लाल होते, मग जांभळी, आठवड्याभरात हिरवट-पिवळी, हे मला पाठ आहे. म्हणून दीड वर्षापूर्वी धाकट्या बहिणीनं व्हिडिओ कॉलवर बाही खाली ओढत "दार लागलं" म्हटलं, तेव्हा मी विचारलं, "तुमच्या दाराला पाच बोटं आहेत का गं?"

ती रडली आणि मग सगळं बोलली.

तेव्हापासून ती फोटो पाठवायची. स्वतःच्या फोनवरून नाही. तो तिचा नवरा रोज संध्याकाळी तपासतो. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या फोनवर, बाथरूममध्ये उभी राहून काढायची. मैत्रीण मला पाठवायची आणि आपल्याकडचे पुसून टाकायची. मलाही ते फोनमध्ये ठेवता येत नव्हते, कारण माझ्या फोनमधला प्रत्येक फोटो आपोआप घरच्या अल्बममध्ये जातो आणि आई तो टीव्हीवर बघत बसते. आईच्या लेखी धाकटा जावई म्हणजे देवमाणूस. त्याचं नाव घेताना तिचा आवाजसुद्धा खाली येतो. तेव्हा फोटो लॅपटॉपमध्ये. चौतीस.

आणि नऊ दिवसांनी, सोमवारी, धाकटीची वकीलबाईंकडे वेळ ठरली होती. ऑफिसमधूनच मैत्रिणीबरोबर जायचं आणि परत त्या घरात पाऊल टाकायचं नाही. पण तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, "फोटो हातात असतील तर निघेन, ताई. नुसत्या माझ्या शब्दावर आईसुद्धा विश्वास ठेवणार नाही." यातलं अक्षरही खोटं नव्हतं.

माझ्या नवऱ्याला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. माणूस वाईट नाही, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. शिवाय सगळ्यांशी गोड राहायची खोड. त्याला एवढंच दिसलं की बायको लॅपटॉपपुढे बसून 'माझं विणकाम गेलं' म्हणत डोळे पुसतेय.

रविवारी माझी ड्यूटी होती. संध्याकाळी घरी आले तर हा दारातच, परीक्षेत पहिला आल्यासारखा.

"तुझं काम करून टाकलंय. साडूला फोन लावला."

"कोणाला?"

"साडूला गं. तो त्यातलाच माणूस आहे ना. दोन तास बसला बिचारा. तिकडून आपल्या लॅपटॉपमध्ये शिरला, मी नुसता बघत होतो. माउस आपोआप फिरतोय, गंमत वाटते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो आपला चालूच. "मी त्याला म्हटलं, बाकी काही गेलं तरी चालेल, तिचं विणकाम तेवढं वाचव. कालपासून रडतेय त्यासाठी."

मी लॅपटॉप उघडला. रडतखडत तो सुरू झाला. बिलं होती, आमच्या सहलींचे फोटो होते, नवऱ्याची जुनी गाणी होती. विणकाम नव्हतं.

"नेमकं तेवढंच खराब झालं होतं म्हणाला," नवरा म्हणाला. "त्यालाही वाईट वाटलं."

मी लॅपटॉप बंद केला आणि त्या रात्री नवऱ्याशी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर ते परत घेता आलं नसतं. त्याला वाटलं, विणकामासाठी रुसलेय. वर मला लोकरीची दुकानं शोधून दाखवायला लागला.

सोमवारी कामाला दांडी मारून मी डिस्क दुरुस्त करणाऱ्याचं दुकान गाठलं. गल्लीच्या टोकाला, तळघरात. काउंटरमागे जाड चष्म्याचा एक खडूस माणूस. त्यानं एक फॉर्म पुढे सरकवला. 'डिस्कवर काय आहे' या रकान्यात मी 'विणकाम' लिहिलं. त्यानं ते दोनदा वाचलं.

"विणकामासाठी कोणी माझ्याकडे येत नाही."

"मी आलेय."

"टकटक सुरू झाल्यावर किती वेळ चालवलीत?"

"दोन तास. त्याहून जास्त."

"आजारी माणसाला मैदानभर पळवता आणि मग माझ्याकडे आणून टाकता." इथल्या भाषेत हे आणखीच लागतं. "ताबडतोब बंद करायची असते, एवढं कळत नाही?"

मला त्याचा चष्मा काढून तुडवावासा वाटला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी बरोबर बोलत होतं आणि तोही मलाच बोलत होता. मी म्हटलं, "मीपण दिवसभर लोकांना टोचते. पण टोचताना बडबड करत नाही. कधी देताय ते सांगा." तो म्हणाला, शनिवार.

मंगळवारी धाकटी बोलली, मैत्रिणीच्या फोनवरून. मी तिला सगळं सांगितलं, लपवून काय करणार होते.

"तरीच," ती म्हणाली. "रविवारपासून एकदम गोड वागतोय. काल मला चहा करून दिला. सात वर्षांत पहिल्यांदा. ताई, मारतो तेव्हा एवढी भीती वाटत नाही गं."

"आजच नीघ. फोटोंचं मी बघते."

"मिळाले का?"

"मिळतील."

"मिळाले की सांग." आणि तिनं फोन ठेवला. ती लहानपणापासून अशीच. एकदा नाही म्हटलं की नाही.

शनिवारी खडूस माणसानं मला काउंटरच्या आत बोलावलं, बसायला स्टूल दिलं. आवाज उतरला होता. त्याअर्थी त्यानं बघितलं होतं.

"डिस्क खराब आहे हे खरं," तो म्हणाला. "पण हे फोल्डर डिस्कनं घालवलेलं नाही. गेल्या रविवारी दुपारी तीन अठ्ठेचाळीसला कोणीतरी पुसलंय. कचऱ्याच्या डब्यातूनही काढलंय. बाहेरून लॅपटॉपमध्ये शिरायचा प्रोग्राम त्याच दुपारी टाकलाय, त्याचीही नोंद आहे. पुसलेलं मला सापडतं, डिस्क खरवडली गेली तर सापडत नाही. चौतीसपैकी सव्वीस मिळाले." त्यानं पेन ड्राइव्ह आणि दोन छापील कागद पुढे ठेवले. "हे सगळं मी लिहून, सही करून दिलंय. लागेल तुम्हाला." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशी जास्तच बोललो."

"बोललात ते बरोबर होतं," मी म्हटलं. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि मोठ्यानं रडले. सुखाचं होतं की संतापाचं, ते मी तपासत बसले नाही.

घरी आले. नवरा कपड्यांच्या घड्या घालत होता. मी त्याच्यासमोर सव्विसातला एकच फोटो उघडला. मान, आणि मानेवर अंगठ्याचा वळ.

"हे माझं विणकाम," मी म्हटलं. "तू त्याला नाव सांगून वाचवायला लावलंस ना, ते."

तो खाली बसला. टॉवेल हातातच. "मला तू सांगितलं का नाहीस?"

"कारण तू त्याला सांगितलं असतंस."

मला ते म्हणायचंच होतं, आठवडाभर तोंडात धरून ठेवलं होतं. म्हटल्यावर मात्र बरं वाटलं नाही. त्याचा चेहरा एवढासा झाला. तो काही म्हणणार, तेवढ्यात टेबलावर त्याचा फोन वाजला. साडू.

मी नवऱ्याचं मनगट धरलं. "ती सोमवारी सकाळपर्यंत त्याच्या घरात आहे. कळतंय ना?"

नवऱ्यानं फोन घेतला, स्पीकरवर टाकला. हा माणूस पत्ते खेळतानाही खोटं बोलू शकत नाही. चांगली पानं आली की हसतो.

"काय दादा," तिकडून मधाळ आवाज. "ताईंचा लॅपटॉप झाला का दुरुस्त? आम्हाला दोघांना काळजी लागून राहिलीय. ही इथेच आहे, भांडी घासतेय. तुम्हाला स्पीकरवर टाकलंय, ऐकू दे तिलाही." मागे नळाचा आवाज येत होता.

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मग टॉवेल बाजूला ठेवला.

"नाही हो," तो म्हणाला, अगदी नेहमीच्या आवाजात. "काहीच मिळालं नाही. सगळं गेलं."

"अरेरे. एकही फाइल नाही?"

"एकही नाही. दुकानदारानं हात वर केले."

"ऐकलंस का गं," साडू मागे वळून म्हणाला. "ताईंचं सगळं विणकाम गेलं."

तिकडे नळ बंद झाला. भांड्यांचा आवाजही थांबला. मी तोंडावर हात दाबून उभी होते. एक शब्द, नुसता तिच्या नावाचा, बोलले असते तर तिला कळलं असतं, आणि त्यालाही. मैत्रीण सोमवारी सकाळी ऑफिसात भेटणार. तोपर्यंत धाकटी हेच धरून बसणार होती की ताईनं सगळं घालवलं.

थोड्या वेळानं नळ पुन्हा सुरू झाला.