वर्गाखालचं पाणी

वाळवंटातल्या तिन्झलेत गावच्या शाळेत प्रोजेक्टर आला, तेव्हा मबरूकाने त्याच्या पोचपावतीवर सही केली, त्याला जुन्या पडद्याच्या कापडात गुंडाळलं आणि विज्ञानाच्या कपाटात कुलूप लावून ठेवून दिलं. दीड वर्ष तो तिथेच होता. एकोणतीस वर्षं तिने खडूवर शिकवलं होतं आणि चांगलं शिकवलं होतं. तिने लाल-निळ्या खडूंनी काढलेलं हृदय पुसायला मुलं तयार नसत. पुढच्या तासाचे मास्तर आले की फळ्याच्या कोपऱ्यात बिचारे आपली गणितं दाटीवाटीने मांडत.

मग सप्टेंबरात वहरान शहरातून सिहेम आली. वय सव्वीस, गणित शिकवायची, बोलायला लागली की थांबायची नाही. मबरूकाला ती आदराने लल्ला म्हणायची, आणि रोज मधल्या सुट्टीत चहा ओतताना तिचं एकच पालुपद असे.

"लल्ला मबरूका, किल्ली द्या ना. यंत्र म्हातारं होतंय आत."

"मीही होतेय. मला कुणी बाहेर काढलं?"

"तुम्हाला कोण काढणार? तुम्हीच कुलूप आहात!"

एका गुरुवारी मबरूका कंटाळून म्हणाली, "घे बाई, लाव काय लावायचं ते."

सिहेमने जलचक्राची चित्रफीत लावली. भिंतीवर बर्फाचे डोंगर उभे राहिले, नद्या धावल्या, हिरव्या कुरणात लठ्ठ गायी चरू लागल्या. पहिली पाच मिनिटं एकतीस मुलं श्वास रोखून बसली. पुढे चुळबुळ सुरू झाली. मबरूका मनातल्या मनात खूश झाली, ते मात्र तिने चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची मसऊदा उठली. ही पोरगी हात वर करून थांबायची नाही, उठूनच बोलायची.

"बाई, हे ढगांचं वगैरे ठीक आहे. पण आपल्याकडे पाऊस मी तिसरीत असताना पडला होता. मग आपलं पाणी कुठून येतं?"

आता आपला खडू, असं म्हणत मबरूकाने दिवे लावले आणि झरझर फोग्गारा काढला. दूरच्या पठाराखालचं पाणी, तिथून गावाच्या बागांपर्यंत हलक्या उताराने खणलेला बोगदा आणि दर पंधरा पावलांवर वरून पाडलेली विहीर. चित्र नेहमीसारखंच सुरेख आलं.

"हे पुस्तकात आहे, बाई," मसऊदा म्हणाली. "आतून कसं दिसतं? तुम्ही पाहिलंय?"

मबरूकाचा खडू हातातच राहिला. या गावात तिचा जन्म झाला, या पाण्यावर ती वाढली, हा धडा तिने एकोणतीस वेळा शिकवला. बोगद्यात उतरायचे ते पुरुष. तिने डोकं हलवलं.

"नाही ग. मीही नाही पाहिलं."

बाईंनी न पाहिलेलंही काही असतं, हे मुलांना नवीन होतं. सिहेमने खालच्या आवाजात विचारलं, "बोगदा जातो कुठून?"

"इथूनच," मबरूका म्हणाली. "या वर्गाखालून." आणि हे बोलताना तिच्याच अंगावर काटा आला.

शाळेच्या भिंतीमागे सपाट दगडाने झाकलेली फोग्गाऱ्याची एक विहीर होती. सुट्टी झाल्यावर दोघी तिच्यापाशी उभ्या राहिल्या. सिहेमने बोटांवर हिशेब मांडला. खोली सात-आठ मीटर. मोबाइल प्लास्टिकच्या डब्यात बंद करायचा, त्याचा दिवा चालू ठेवायचा, डबा दोरीला बांधून पाण्यावर सोडायचा. शाळेचं राउटर विहिरीच्या तोंडावर टांगलं की चित्र थेट वर्गातल्या भिंतीवर. इंटरनेट नसलं तरी चालेल.

"आणि मोबाइल कुणाचा?"

"माझ्या कॅमेऱ्याला तडा गेलाय, लल्ला." सिहेमने मबरूकाच्या हातातल्या कोऱ्या मोबाइलकडे पाहिलं. मुलाने ईदला पाठवलेला होता तो.

"अस्सं! म्हणजे किल्ली मागून आता तिजोरीच नेणार तू," मबरूका म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

परवानगी मात्र बा बर्काची लागणार होती. बा बर्का गावाचं पाणी मोजायचा. बोगद्याचं पाणी बागांजवळ दगडी कंगव्यात, म्हणजे ते वेगवेगळ्या पाटांत वाटणाऱ्या दातेरी बांधात येई. तिथे भोकांची तांब्याची पाटी धरून कुणाच्या पाटात किती पाणी, हे तो ठरवी. त्याचा बापही तेच करायचा. पण हिवाळ्यापासून पाणी घटलं होतं, आणि लोक त्याच्या पाठीमागे नाही नाही ते बोलत होते. म्हातारा पाटी तिरकी धरतो, आपल्या भाचरांच्या पाटात जास्त सोडतो. मसऊदाचा बाप कादा तर भर चौकात ओरडला होता.

रविवारी, म्हणजे शाळेच्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, शाळा सुटल्यावर दोघी गेल्या, तेव्हा बा बर्का एकटाच कंगव्यापाशी बसला होता.

"माझ्या बापाने खणलेल्या जागेत तुम्ही खेळणं सोडणार?" त्याने विचारलं.

"मुलांना बघायचंय, बा. मलाही."

"बघायचं काय त्यात? अंधार आहे, पाणी आहे." मग त्याने काठी पाण्यात बुडवून खोली पाहिली. "माझे गुडघे गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून मीही नाही उतरलो. आणि उतरणारी पोरं सगळी तेलविहिरींवर नोकरीला. दोन वर्षं साफसफाई नाही." काठी टेकत तो उठला. "मी पण येणार. पण खुर्ची हवी. तुमच्या त्या चिमुकल्या बाकावर मी मावणार नाही."

मंगळवारी सकाळी अर्धी मुलं विहिरीवर आणि अर्धी वर्गात, अशी वाटणी झाली. दर दहा मिनिटांनी जागा बदलायच्या, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात कुणीही जागेवर नव्हतं. बा बर्का वर्गात मबरूकाच्या खुर्चीत बसला. आयुष्यात पहिल्यांदाच तो शाळेत आला होता, आणि त्यासाठी पांढरं शुभ्र मुंडासं बांधून आला होता.

"सोडा!" सिहेम बाहेरून ओरडली.

भिंतीवर आधी नुसताच उजेड गरगरला. मग विहिरीच्या मातीचे थर वर सरकू लागले. तांबडा, पिवळा, पुन्हा तांबडा. खजुराची मुळं केसांसारखी लोंबत होती. एका खोबणीत एक बेडूक दिवा अंगावर येऊनही ढिम्म हलला नाही, तेव्हा वर्ग असा किंचाळला की शेजारचे मास्तर धावत आले आणि तिथेच उभे राहिले.

मग पाणी आलं. काळंभोर, स्वच्छ, संथ, दोन्ही बाजूंच्या भिंतींमधून चाललेलं.

"आपल्या पायाखाली आहे हे! आत्ता!" मसऊदा बाकावर चढली होती. मबरूका तिला उतर म्हणाली नाही. ती स्वतःच चवड्यांवर उभी होती.

"ते बघा, ते बघा," बा बर्का काठीने भिंतीकडे दाखवू लागला. "कुदळीचे तिरके घाव दिसतात? माझा बाप डावखुरा होता. सरळ आहेत ते त्याच्या भावाचे. दोघं समोरासमोरून खणत यायचे आणि मध्ये भेटायचे."

"अंधारात कसे भेटायचे, बा?" एका मुलीने विचारलं.

"आवाजावर. कान लावायचे भिंतीला."

ज्याला सही करता येत नव्हती तो म्हातारा पुढची दहा मिनिटं उतार कसा मोजायचा, भिंत कधी बोलते, माती कुठली विश्वासाची, हे सांगत होता. मबरूकाने वही काढली आणि ती विद्यार्थ्यासारखी लिहू लागली.

एकाएकी चित्र तुटलं. चौकोन चौकोन झाले आणि भिंत निळी पडली.

"बोगदा वळला असेल," सिहेम धापा टाकत आत आली. "मोबाइलमध्ये सगळं नोंदलं जातंय, काळजी नको. पण दोरी... पुढे जात नाहीये. मागेही येत नाहीये."

मबरूका धावली. गेल्या वीस वर्षांत तिला धावताना कुणी पाहिलं नव्हतं. दोरी तिने स्वतःच्या हातात घेतली. जोर लावला असता तर तुटली असती. तिने ती सैल सोडली, डावीकडे हलवली, पुन्हा सैल सोडली. मुलांनी तिच्या कमरेला धरून साखळी केली होती, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. तिसऱ्या वेळी काहीतरी सुटलं आणि डबा चिखलाने माखून वर आला. आत दिवा तसाच जळत होता.

त्यातलं चित्रण भिंतीवर लावलं. वळण आलं. त्यापलीकडे पाणी फुगून उभं होतं, आणि समोर छतापासून तळापर्यंत मातीचा ढिगारा. त्याच्या एका कडेने बारीकशी धार पलीकडे झिरपत होती.

बा बर्का उठून उभा राहिला. "थांबव. तिथेच थांबव." तो भिंतीपाशी गेला आणि ढिगाऱ्याच्या चित्रावर त्याने तळहात ठेवला. चित्र त्याच्या मुंडाशावर पसरलं. "छत बसलंय. पाणी इथे अडलंय." मग तो मुलांकडे वळला. "मी पाटी सरळच धरत होतो, पोरांनो."

मसऊदा दाराबाहेर पळाली. पावणेबारा वाजता ती बापाला हाताला धरून घेऊन आली. कादाने ते चित्रण उभ्यानेच दोनदा पाहिलं. मग तो बा बर्कासमोर वाकला आणि त्याच्या खांद्याचं चुंबन घेतलं.

"बा, मी जे बोललो..."

"ते राहू दे. फावडं आहे का तुझ्याकडे?"

शुक्रवारी नमाजानंतर चाळीस माणसं जमली. शाळेच्या वर्गात आधी सगळ्यांना चित्रण दाखवलं गेलं. मुलं छडी घेऊन समजावत होती आणि मोठी माणसं बाकांवर गुडघे मुडपून निमूट ऐकत होती. पहिला उतरला तो कादा. संध्याकाळी ढिगारा फुटला, तेव्हा जमिनीखालून आलेला गडगडाट वरच्यांनी तळपायांनी ऐकला.

रविवारी विज्ञानाचा तास कंगव्यापाशी झाला. बा बर्काने तांब्याची पाटी पाण्यात धरली आणि एकेक भोक मोकळं करत गेला. मुलं मोजत होती, सिहेम लिटरचा हिशेब मांडत होती आणि तो चुकला की मसऊदा तिला टोकत होती. अकरा भोकं पाणी वाढलं! पाटांतून पाणी उड्या मारत गेलं. मुलांनी चपला काढल्या, आणि तास तिथेच संपला.

प्रोजेक्टर पुन्हा कपाटात गेला नाही. हृदय मबरूका अजूनही खडूनेच काढते. पण तिने मुलांकडून चित्रण नीट कापून जोडून घेतलं, त्यावर बा बर्काचा आवाज बसवला आणि ते तीस मैलांवरच्या एका शाळेला पाठवून दिलं.

महिन्याभरात उत्तर आलं. तिथल्या मुलांनीही आपल्या बोगद्यात डबा सोडला होता. चित्रणाच्या सुरुवातीलाच एक फटकळ मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहून म्हणाली, "तिन्झलेतकर मंडळी, तुमच्याकडे बेडूक आहे, छान आहे. आमच्याकडे मासे आहेत. बघा आणि जळा."

वर्गात एकच गदारोळ उठला. खोटं आहे, विकत आणून सोडलेत, नाही खरे आहेत, डोळे बघ त्यांचे! मबरूकाने टेबलावर हात आपटला.

"गप्प! एकदम गप्प!" ती खुर्ची ओढून भिंतीच्या अगदी जवळ बसली. "सिहेम, मागे घे. मासे पुन्हा लाव."