आसुडाचं टोक

दत्तूआबांच्या उजव्या हाताला खाज सुटली होती, आणि ती मलमानं जाणारी नव्हती.

कोपरखैरण्याच्या माथाडी चाळीत, दारासमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ते अर्धा तास नातीचे प्रताप बघत होते. दीक्षा नववीत. हातात निळी नायलॉनची लांबलचक दोरी घेऊन ती गल्लीत साप निघाल्यासारखी जमीन झोडपत होती. दोरी फडफडली, घसटली, एकदा तिच्याच कानावर बसली. आवाज मात्र निघेना.

“मनगट ढिलं सोड,” आबांच्या तोंडून निसटलं.

आत भाकरी थापण्याचा आवाज बंद पडला. आबांनी जीभ चावली. या घरात काही गोष्टी बोलायच्या नाहीत असं ठरलेलं होतं, आणि ते ठरवणाऱ्या दीक्षाच्या आजी, गिरजाबाई, आत परातीशीच बसल्या होत्या.

“आबा, तुम्ही नुसतं बघणार की दाखवणार?” दीक्षा वैतागली. “परवा एक्झिबिशन आहे!”

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिनं विषय घेतला होता आवाजाची भिंत. एखादी वस्तू आवाजापेक्षा जोरात पळाली की धडाका होतो, एवढं तिला पाठ होतं. विमानाचे व्हिडिओ दाखवून काम भागवायचा तिचा बेत होता. पण तिच्या वैदेही मॅडम म्हणाल्या, व्हिडिओ घरी बसून बघता येतो, इथे काहीतरी समोर करून दाखव. आता लढाऊ विमान काही शाळेच्या पटांगणात उतरणार नव्हतं. मग मोबाइल चाळता चाळता तिला कळलं की चाबूक कडाडतो तोही तसलाच धडाका, फक्त छोटा. चाबकाचं टोक आवाजाला मागे टाकून पळतं. आणि चाबूक म्हटल्यावर तिला घरातलाच माणूस आठवला.

कारण दत्तूआबा एकेकाळी पोतराज होते. कमरेला चिंध्यांचा घागरा, पायात घुंगरू, पाठीवर मोकळे केस आणि हातात आसूड. पुढे गिरजाबाई, डोक्यावर देवीचा देव्हारा घेऊन. लातूरकडच्या गावागावांतून आबा स्वतःच्या उघड्या पाठीवर आसूड ओढायचे, फाट्कन आवाज घुमायचा, आणि बाया सुपं भरून जोंधळे घेऊन बाहेर यायच्या. पंधरा वर्षं हे चाललं. मग अंकुश, म्हणजे दीक्षाचा बाप, चार वर्षांचा झाला. रीतीप्रमाणे त्याचेही केस वाढवलेले होते, आणि भावकीतल्या कुणीतरी त्याच्यासाठी एक छोटासा आसूड वळून आणला. त्या दिवशी गिरजाबाईंनी कात्री घेतली. आधी पोराचे केस कापले, मग नवऱ्याचे. देव्हारा आणि दोन्ही आसूड नदीत सोडून दिले. पुढच्या पौर्णिमेला दोघांनी विहारात जाऊन धम्म स्वीकारला आणि महिन्याभरात मुंबईची वाट धरली. आबांच्या पाठीवर आसुडाऐवजी वाशीच्या मार्केटातली कांद्याची पोती आली. अंकुश आज तळोज्याला कारखान्यात ऑपरेटर आहे. त्या घटनेनंतर घरात आसुडाचं नाव निघालं नव्हतं.

दीक्षानं दोरी पुन्हा गरगरा फिरवली, आणि या वेळी आवाज निघाला. शेजारच्या भागीरथीबाईंची कुंडी फुटल्याचा.

गिरजाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. फुटकी कुंडी बघितली, नातीचा लाल झालेला कान बघितला आणि मग नवऱ्याकडे वळल्या.

“अवो, दावा की पोरीला. सगळी चाळ फोडंल ती.”

“मी?” आबांना कानांवर विश्वास बसेना. “गिरजे, आपलं ठरलंय.”

“देवीच्या नावानं न्हाई मारायचा, असं ठरलंय. हितं देवी कुटं हाय? शाळा हाय.” गिरजाबाईंनी तिथल्या तिथे अटी घातल्या. घागरा नाही, घुंगरू नाही. सदरा घालून, बटणं लावून. “आन एक ध्यानात ठेवा. पाठीवर मारायचा न्हाई. मी पोतं भरून देते, त्याच्यावर मारा.”

दीक्षानं आजीच्या गळ्यात उडी मारली. आबा मात्र खुर्चीतून उठेनात.

बाहेरच्याला वाटावं, म्हातारा शब्दाला जागतोय. तसं काही नव्हतं. आबांचं घोडं अडलं होतं वेगळ्याच ठिकाणी, आणि ते ठिकाण जगात त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

आसूड हातात देताना आबांच्या बापानं सांगितलं होतं, पहिला फटका अंगावर घ्यायचा. चांगला वळ उठला पाहिजे. बाकीचे सगळे हवेत. आवाज हवेतच होतो, पाठीचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि ही गोष्ट बायकोलासुद्धा सांगायची नाही.

का सांगायची नाही, ते आबांना लग्नानंतर पहिल्याच गावात कळलं. सोळा वर्षांच्या गिरजाबाई देव्हारा घेऊन पुढे तोंड करून उभ्या होत्या. मागे आसूड कडाडला की त्या डोळे गच्च मिटायच्या, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गळायचं. खरं पाणी. ते बघून गावातल्या बायांचे हात सैल सुटायचे. आबांनी बापाचं ऐकलं, तोंड मिटून घेतलं. रोज रात्री अंधारात त्या तेलात हळद कालवून नवऱ्याच्या पाठीला लावायच्या, आणि आबा पालथे पडून हूं हूं करायचे. पुढे आसूड सुटला, पण सांगायचं राहून गेलं. एक वर्ष गेलं, दहा गेली, मग तर इतकी गेली की आता सांगायचं तोंडच उरलं नाही.

आणि आता नववीतली पोर शाळेत चारचौघांसमोर चार्ट लावून तेच सांगणार होती.

तुर्भ्याला श्यामसुंदर नावाचा दोरखंडवाला आबांच्या मार्केटच्या दिवसांपासून ओळखीचा होता. त्याच्याकडून अंबाडीच्या धाग्यांचा वाख आणला. भिजवला. मांडीवर वळायला बसले आणि हात आपोआप चालू लागला. मुठीशी जाड, मग निमुळता, निमुळता, आणि टोकाला चार सुटे धागे. दीक्षा शेजारी वहीत लिहीत होती.

“आबा, टोक बारीक का ठेवायचं?”

“तसंच ठेवत्यात.”

“मी सांगते. हाताचा सगळा जोर पुढे पुढे सरकतो, आणि पुढे वजन कमी कमी होत जातं. म्हणून टोक सगळ्यात फास्ट पळतं. तासाला बाराशे किलोमीटरच्या पण वर!” तिनं हातातल्या पेनानं हवेत दाखवलं. “पुढची हवा बाजूला व्हायला टाइमच मिळत नाही तिला. ती साचते, साचते, आणि सगळी एकदम आपल्या कानावर येऊन आदळते. धाड!”

आबांनी दाराकडे नजर टाकली. गिरजाबाई मागे मोरीत भांडी घासत होत्या. आबांनी आवाज उतरवला.

“दीक्षे, एक काम कर. मी आवाज काढतो. तू फक्त म्हन, हे माझे आजोबा, टाळ्या वाजवा. बाकीचं सांगू नको.”

“एक्सप्लेनेशनलाच तर मार्क आहेत, आबा!”

“निम्मं सांग.”

“टेन्शन नका घेऊ हो. तुम्ही मस्त करणार.” दीक्षानं त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. म्हाताऱ्याला स्टेजची भीती वाटते असा तिचा समज झाला होता. आबांनी तो दूर केला नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी गिरजाबाईंनी निळ्या काठाची पांढरी साडी काढली. काखेत जुन्या गोधड्यांनी टच्च भरलेलं पोतं. रिक्षात ते पोतं त्यांनी मांडीवर घेतलं आणि आबांना बाहेरच्या बाजूला बसवलं. आबा वाटेत दोनदा म्हणाले, मला बरं वाटत नाही. गिरजाबाई दोन्ही वेळा म्हणाल्या, परत आल्यावर वाटंल.

पटांगणात टेबलांची रांग होती. कुणी ज्वालामुखी केला होता, कुणी पावसाचं पाणी साठवत होतं. दीक्षाच्या चार्टसमोर परीक्षक आले, वैदेही मॅडम आल्या, आणि आसूड बघून निम्मी शाळा जमा झाली. गिरजाबाई पुढे झाल्या आणि पोतं बरोबर आबांच्या समोर नेऊन ठेवलं.

“आजी, हे कशाला?” दीक्षानं विचारलं.

“मारायला.”

“अगं, कशालाच मारायचं नाहीये! हवेत मारायचा. ते काढ बाजूला.”

गिरजाबाईंना काही उमगलं नाही. त्यांनी पोतं उचललं आणि ते पोटाशी धरून पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या. पाठ फिरवून नाही, समोर तोंड करून. आबांचं धाबं दणाणलं. पळून जायला जागा नव्हती, चोहीकडे पोरं.

पण आसूड हातात होता. आबांनी दोन पावलं मागे घेतली, खांदा सैल सोडला आणि हात डोक्यावरून फिरवून मनगट परतवलं.

फाट्!

शेडवरची कबुतरं भर्रकन उडाली. परीक्षकांच्या हातातला चहा त्यांच्या शर्टवर आला. पोरांनी असा काही गलका केला, की आबांना राहवेना. त्यांनी आणखी एक काढला. मग डावीकडून एक. मग लागोपाठ दोन. वय बाहत्तर, खांदा पोत्यांनी झिजलेला, पण मनगट काही विसरलं नव्हतं. किती बरं वाटलं त्यांना! ना देवी, ना जोंधळे, ना कुणापुढे पसरलेला हात. नुसता आवाज, आणि तो आपण काढलेला.

“बघितलंत?” दीक्षाचा आवाज खणखणीत लागला. “आसूड कशालाच लागला नाही. माझ्या आबांच्या अंगापासून हातभर लांब, मोकळ्या हवेत आवाज झाला. टोकानं आवाजाची भिंत तोडली. हे माझे आबा पोतराज होते. लोकांना वाटायचं आवाज पाठीचा येतो. पण आवाज नेहमी हवेतच होतो!”

टाळ्या पडल्या. आबांनी गिरजाबाईंकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले नव्हते. पापणीसुद्धा हलत नव्हती, आणि पोतं त्यांनी आणखी घट्ट धरलं होतं.

दुसरा नंबर आला. पहिला ज्वालामुखीला गेला. दीक्षाला शाळेत थांबायचं होतं, म्हणून दोघं म्हातारी निघाली. गिरजाबाईंनी रिक्षा केलीच नाही. त्या पुढे चालू लागल्या, आबा दहा पावलं मागे. आबांनी पोतं घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी पोतं दुसऱ्या काखेत घेतलं. रस्ता ओलांडताना बोलल्या नाहीत, भाजीवालीपाशी बोलल्या नाहीत, भागीरथीबाईंनी निकाल विचारला तेव्हाही नाही. आबांना नातीचं एक्सप्लेनेशन आठवलं. साचते, साचते, आणि सगळी एकदम येऊन आदळते. ते मुकाट मागून चालत राहिले.

घरात आल्यावर गिरजाबाईंनी चहाचं आधण ठेवलं, आणि आदळलं.

“पंधरा वर्सं! पंधरा वर्सं हळद लावली मी! माझ्या हाताची पिवळी बोटं लेकराच्या तोंडात जायची! आन तुमी पालतं पडून हूं हूं करीत व्हता?”

“पयला लागायचा, गिरजे. खरंच लागायचा.”

“एका फटक्याला येवढी हळद? मला का न्हाई सांगितलं?”

खोटं बोलायला आबांकडे अजून दोन-तीन जागा होत्या. बापानं शपथ घातली होती, असं म्हणता आलं असतं. ते म्हणाले, “तू रडायचीस म्हनून लोक जोंधळे घालायचे. सांगितलं असतं, तर तू रडली नसतीस.”

एवढं बोलून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आधण उकळून वर आलं. गिरजाबाईंनी गॅस बारीक केला.

“म्हंजी निम्मी भाकर माझ्या डोळ्यांनी कमावली,” त्या म्हणाल्या.

“निम्म्याच्या वर.”

“आन ते कुनाला ठाव न्हाई. पोरीनं तिकडं तुमचंच नाव घेतलं.”

“मी सांगतो तिला. आजच सांगतो, सगळं.”

गिरजाबाई त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. “पयला कुटं लागायचा?”

आबांनी सदऱ्याची बटणं काढली आणि डावा खांदा उघडा केला. तिथे एक वळ खरंच होता, जुना, पांढरा पडलेला. बाकी सगळी पाठ पोत्यांनी घासून घासून सपाट झाली होती. गिरजाबाईंनी त्या वळावरून एकदा बोट फिरवलं, आणि मग हात उगारून त्याच जागी सणसणीत चापट ठेवून दिली. आवाज चांगला बाहेर गल्लीपर्यंत गेला.

“लागलं?”

“लागलं.”

“मग आता तुमी रडा. मी लई रडले.”

आबा हसायला गेले. अर्धं हसून झालं आणि रडू फुटलं, मग काही केल्या आवरेना. सदऱ्याची बाही डोळ्यांना लावून ते खुर्चीत हमसत राहिले. गिरजाबाईंनी चहा दोन कपांत गाळला, त्यांच्या समोर येऊन बसल्या, आणि डोळे चांगले उघडे ठेवून बघत राहिल्या.